मदत हवी आहे: हिपॅटायटिस सीच्या फ्लेक्सवर काय लिहू? उद्या बाराच्या आत सांगा

केयीवाला_रावेर: घाईत लिहितोय. २८ जुलैला हिपॅटायटिस दिन, मंडळातर्फे चौकात फ्लेक्स लावायचाय. उद्या बारापर्यंत मजकूर दिला नाही तर छापणारा कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाच्या कामाला लागेल. एवढं झालंय: ‘कावीळ सी टाळा. पाणी उकळून प्या. उघड्यावरचे खाऊ नका.’ दोन ओळी सुचवा. यमक असलं तर बरं.

सावदेकर: साईज काय भो? पाहुण्यांचे फोटो किती?

रक्तपेढी_भुसावळ: पाण्याची ओळ आधी काढा. पाण्यातून पसरते ती ए आणि ई. सी रक्तातून जाते: वापरलेली सुई, सिरिंज, वस्तरा, गोंदणाची सुई. पण मंडळाला एकदम हिपॅटायटिस कसा आठवला?

पारोळ्याचे_नाना: कावीयला औषध नाही. मला ८७ साली झाली होती. डोक्यावर माळ ठेवली, वाढत वाढत गळ्यात उतरली. आठवड्यात बरा.

रक्तपेढी_भुसावळ: नाना, सीचा विषाणू सापडलाच १९८९ ला. तुमची ए असेल, ती बहुतेकदा आपली आपण उतरते. सीमध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस वीस वर्षं शेतात राबतो आणि आत यकृत खराब होत जातं.

पारोळ्याचे_नाना: डोळे पिवळे नाहीत तर कावीय कसली?

शहाद्याची_सून: आम्ही मुलांना तिन्ही डोस दिलेत. लस घ्या असं मोठ्या अक्षरात लिहा.

रक्तपेढी_भुसावळ: ताई, ती बीची. सीला लस नाही. केयीवाले, कुठे गेलात?

केयीवाला_रावेर: इथेच आहे. जूनच्या शिबिरात लहान भावानं रक्त दिलं. मागून फोन आला, सी पॉझिटिव्ह. गावात कसं फुटलं माहीत नाही. सलूनवाला खुर्चीत बसू देत नाही, आई त्याचं ताट-पेला वेगळा घासते. म्हणून फ्लेक्स.

रक्तपेढी_भुसावळ: हे आधी सांगायचं ना! पॉझिटिव्ह कुठली, अँटीबॉडी (शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली) की आरएनए (खुद्द विषाणूचा अंश)? कधी दात, ऑपरेशन, गोंदण?

केयीवाला_रावेर: कागदावर नुसतं ‘रिॲक्टिव्ह’ आहे. यात्रेत दंडावर घोडा गोंदवलाय, चार वर्षं झाली. सुई नवी होती का, कोणाला आठवतंय.

रक्तपेढी_भुसावळ: मग ती अँटीबॉडीच असणार. संसर्ग होऊन गेलेला असला तरी ती रिॲक्टिव्ह येते. आरएनए केल्यावर कळेल विषाणू आत्ता आहे का. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, सिव्हिलला विचारा. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, शंभरातले पंचाण्णव बरे होतात. ताट वेगळं कशाला? दाढीचं पातं आणि ब्रश तेवढा वेगळा.

कटिंगवाला_चोपडा: वस्तरा लिहून आमचा धंदा बसवू नका. मी गिऱ्हाईकासमोर पुडी फोडून नवं पातं लावतो.

रक्तपेढी_भुसावळ: मग हेच लिहा, ‘पुडी समोर फोडायला सांगा’.

सावदेकर: अध्यक्षांचा फोटो डावीकडे घ्या, उजवीकडे विजेचा खांब येतो.

केयीवाला_रावेर: मजकूर दिला. ‘सी रक्तातून पसरते, जेवणातून नाही. सुई नवी, पातं नवं, पुडी समोर फोडा. गोळ्या सरकारी, मोफत.’ यमक जमलं नाही. भाऊ सकाळच्या गाडीनं सिव्हिलला जातोय. आईनं वाचून विचारलं, मग ताट एकत्र घासू? हो म्हटलं. घासतेय, पण सगळ्यांत शेवटी.