वडोदरा : चौकावर पत्रे टाकल्यापासून माजघर गुदमरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर दांडिया बाजारात आहे, तळमजला आणि वर दोन मजले. मधे दहा बाय बारा फुटांचा चौक, त्यात तुळस. पुढे ओसरी, मागे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर. दीड हात जाडीच्या विटांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा. इथला जुना तांबेकर वाडा पाहिलेल्यांना ठेवण लगेच कळेल, आमचं घर त्याहून पुष्कळ लहान.

माकडं, कबुतरं आणि पावसाची झड यांना कंटाळून तीन वर्षांपूर्वी चौकावर पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे टाकले. कडा चारही बाजूंनी सिमेंटने बुजवल्या. उजेड छान येतो, पण वारा गेला. मे महिन्यात पारा ४२ वर असतानाही आई (वय ८१) माजघरात फरशीवर चटई टाकून शांत झोपायची. आता रात्री बारापर्यंत ती बाहेर ओट्यावर बसून असते. मला सर्वात जास्त लागतं ते हेच.

पावसाळ्यात तर हाल विचारू नका. शेजारच्या काकी ज्याला ‘बफारो’ म्हणतात तो जून सरता सरता सुरू होतो. घाम अंगावरच राहतो, गाद्यांना कुबट वास येतो, देवघरामागच्या भिंतीला ओल धरली आहे. त्यात नैऋत्येला नवीन तीन मजली इमारत उभी राहिली, म्हणजे पावसाळी वाऱ्याची वाटच अडली.

दादा म्हणतो, माजघराला एसी लावून टाकू. मला ते पटत नाही. एका खोलीची सोय होईल, बाकी घर तसंच घुसमटत राहील. पत्रे पूर्ण काढावेत, की थोडे वर उचलून भागेल? पाऊस आत येऊ न देता चौक पुन्हा मोकळा करता येतो का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
आमच्याकडे रावपुऱ्यात अगदी हेच झालं होतं. ऊन पत्र्यातून आत येतं, फरशी तापते, पण तापलेल्या फरशीची उष्णता पत्रा सरळ बाहेर सोडत नाही. उघडा चौक रात्री आभाळाकडे उष्णता टाकून निवायचा, तेही थांबलं. शिवाय गरम हवा वर चढून पत्र्याखाली साठते. तिला वाट नाही, म्हणून खालून नवी हवा ओढली जात नाही.

पत्रे काढू नका, अगाशीच्या कठड्यापासून दोन फूट वर उचला. चारही बाजू उघड्या ठेवून तिथे तारेची जाळी लावा आणि पत्रा कडेच्या बाहेर दोन-अडीच फूट काढा, म्हणजे तिरपी सर आत येणार नाही. जाळी बारीक घेऊ नका, ती हवा अडवते. चौकट भिंतीत पक्की बांधा. उचललेल्या पत्र्याला वादळात वारा खालून उपसतो, त्यामुळे आधी इंजिनियरला दाखवाच.

आणि नुसतं वर उघडून चालणार नाही. हवा आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन तोंडांपैकी जे लहान, त्यावर ती किती वाहणार ते ठरतं. रस्त्याकडच्या दाराला जाळीचं दुसरं दार बसवा, माजघराच्या खिडक्यांना झिलमिल (तिरप्या पट्ट्यांची झडप) असेल तर तिच्यावरचा रंग खरवडून पट्ट्या मोकळ्या करा.

प्रतिसाद २
एक जोडतो. उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची रीत वेगळी ठेवा. मे महिन्यात सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत दारं-खिडक्या बंद, रात्रभर सताड उघड्या, म्हणजे जाड भिंती रात्री निवून दिवसभर गारवा देतात. पावसाळ्यात रात्र-दिवसाच्या तापमानात फारसा फरक नसतो, भिंतींचा तो उपयोग संपतो. तेव्हा अंगावरून वारा वाहिला तरच घाम सुकतो, म्हणून दिवसाही उघडं ठेवा. वारा पडलेल्या दिवशी नुसत्या चौकाकडून फार अपेक्षा ठेवू नका, पंखा लागेलच.
देवघरामागच्या भिंतीवर ऑइल पेंट असेल तर काढून पुन्हा चुनाच लावा. त्या रंगाखाली ओल कोंडून राहते.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ऑइल पेंट आहे, बरोबर ओळखलंत. काल फॅब्रिकेटरला बोलावून उत्तरेकडचे दोन पत्रे तात्पुरते काढले आणि रात्री माजघराच्या दारात उदबत्ती धरली. आधी धूर सरळ वर जायचा. काल तो चौकाकडे झुकला आणि वर निघून गेला. आई साडेदहालाच आत येऊन झोपली.

आता पत्रे उचलायचं नक्की केलंय, इंजिनियर रविवारी येतोय. एवढंच सांगा, कबुतरं अडतील पण हवा अडणार नाही अशी जाळी किती इंची घ्यावी? आणि आमच्या कठड्यावरची सागवानी सरी (आडवं लाकूड) एका कोपऱ्यात कुजली आहे, ती बदलल्याशिवाय चौकट बसवावी का?