कॅम्डेनचे आकडे बघा
काही जण म्हणतात की अमेरिकेतली छोटी शहरं गुन्हेगारीने एकदा बिघडली की बिघडलीच, तर न्यू जर्सीतलं कॅम्डेन बघा, फिलाडेल्फियाच्या समोर, नदीपलीकडे, वस्ती जेमतेम पाऊण लाख. २०११ ला पैसे नाहीत म्हणून जवळपास निम्मे पोलीस काढले, २०१२ मध्ये ६७ खून. २०१३ ला शहराचं पोलीस खातंच बरखास्त करून काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, आणलं, पोलीस पायी गस्त घालायला लागले, गोळी लागलेल्याला अँब्युलन्सची वाट न बघता आपल्याच गाडीत टाकून हॉस्पिटलात न्यायला लागले. २०२४ मध्ये खून १७. तरी सगळं गोड नव्हतं हो, सुरवातीला काळ्या काचा, फुटका टेललाइट असल्या कारणांवरून गरिबांच्याच पावत्या फाडल्या, आणि बळाच्या वापराचे कडक नियम यायला २०१९ उजाडलं.