मदत हवी आहे : ऑब्जेक्टचे आयुष्य आणि रेफरन्स डॉक्युमेंटेशनमध्ये कसे मांडावेत?

आमची ग्राफिक्स डीबगिंग लायब्ररी सी प्लस प्लसमध्ये असून ती पायथनमधूनही वापरता येते. टेक्स्चरची (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांची) यादी मागितल्यावर पायथनला प्रत न मिळता मूळ मेमरीचा रेफरन्स, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा, मिळतो. कॅप्चर (फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राची, साठवलेली नोंद) बंद होताच ती मेमरी मोकळी होते, पण पायथनच्या रेफरन्स-मोजणीला (ऑब्जेक्टकडे किती रेफरन्स आहेत याच्या हिशोबाला) त्याचा पत्ताच नसल्याने व्हेरिएबल वरकरणी शाबूत दिसते आणि पुढच्या वाचनाला प्रोग्राम कोसळतो. प्रत्येक फंक्शनखाली सूचना लिहून पाहिली. ती कोणी वाचत नाही (खरे तर मीही वाचली नसती). एका फ्रेममध्ये हजारो ड्रॉ कॉल (चित्र काढण्याच्या आज्ञा) असल्याने सरसकट प्रत देणे परवडत नाही, आणि जुन्या स्क्रिप्टसाठी फंक्शनही बदलता येत नाहीत. तेव्हा मालकी व वैधतेचे नियम एका स्वतंत्र प्रकरणात सांगून प्रत्येक फंक्शनपाशी केवळ ‘उसना’ किंवा ‘स्वतःचा’ एवढी खूण ठेवली, तर वापरणाऱ्याला ती पुरेल का?