टॅपेस्ट्री: खपाच्या आकड्यांपलीकडे

कॅरोल किंग या अमेरिकन गायिका-संगीतकाराच्या 'टॅपेस्ट्री' या १९७१ च्या अल्बमचं महत्त्व खपापुरतंच, असं एक मत आहे; ते मला पटलं नाही. त्याआधी ती बरीचशी पडद्यामागेच होती. नवरा जेरी गॉफिनबरोबर गाणी रचायची, गाजवायचे दुसरे. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' शिरेल्स या मुलींच्या गायनगटाने १९६० मध्ये गायलं, त्यात कोवळ्या मुलीची धाकधूक आहे. तेच गाणं 'टॅपेस्ट्री'त, घटस्फोटानंतर, ती स्वतः पियानोवर संथ लयीत म्हणते आणि त्यातला प्रश्न एकदम जाणत्या बाईचा होतो. आवाज काही घोटीव नाही, आणि तेच बरं झालं! पुढच्या वर्षी चार ग्रॅमी (अमेरिकेतले संगीत पुरस्कार) मिळाले, ठीक. पण याच अल्बममधल्या 'इट्स टू लेट' गाण्यात नातं संपल्याचं बाईच सांगते, रडारड न करता. शब्द टोनी स्टर्नचे, म्हणजे तेही बाईचेच.