डिबगवर पास, रिलीजवर भाव शून्य: आर८ चालू ठेवून टेस्ट चालवायच्या की नाही?

तापीकाठ

काल आपल्या जळगाव-धुळ्याच्या डेव्हलपर मंडळींत एक पोस्ट आली: "ऑटोमेटेड टेस्ट डिबग बिल्डवरच चालवा. आर८ चालू करून टेस्ट म्हणजे नसती डोकेदुखी. रिलीज एकदा हाताने उघडून बघितलं की झालं." हा सल्ला नवीन पोरं खरा मानतील, म्हणून सविस्तर लिहितो.

डिबग म्हणजे ॲप बनवताना वापरायची आवृत्ती, रिलीज म्हणजे लोकांना द्यायची. आर८ हे रिलीज बनवताना कोड लहान करणारं अँड्रॉइडचं साधन. तो नुसता न वापरलेला कोड काढत नाही. तो नावं बदलतो, फंक्शन एकमेकांत मिसळतो, क्लास एकत्र करतो. तुम्ही डिबगवर तपासलेला कोड आणि शेतकऱ्याच्या फोनवर जाणारा कोड एक नसतोच. केळीच्या भावाचं ॲप घ्या. सर्व्हरकडून येणारा जेसन मजकूर वाचायला जीसन लायब्ररी आहे, डेटा क्लासच्या फील्डवर सिरियलाइज्डनेम (सर्व्हरकडचं नाव पक्कं सांगणारी खूण) नाही, कीप रूलही ('याला हात लावू नको' असं आर८ ला सांगणारी ओळ) नाही. आर८ फील्डचं नाव 'ए' करतो. जीसनला सर्व्हरकडून आलेलं नाव जुळत नाही आणि तो गप्प बसतो. क्रॅश नाही, लॉग नाही. डबल (दशांश आकडा) असेल तर ०.०, स्ट्रिंग (मजकूर) असेल तर नल, म्हणजे काहीच नाही, तेही कोटलिन भाषेच्या 'नल चालणार नाही' म्हणणाऱ्या प्रकारात. होम स्क्रीन झकास उघडते आणि आत रावेरचा भाव ० रुपये क्विंटल. बोर्डाचा भाव बघून कापणी ठरवणाऱ्या माणसाच्या हातात आपण हे देतो. 'एकदा उघडून बघितलं' यात हे सापडत नाही.

आणि ॲप बांधणाऱ्या अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ८.० पासून, म्हणजे २०२३ पासून, आर८ चा फुल मोड (जास्त कडक छाटणी) आपोआप चालू आहे. त्यात कीप नसलेल्या क्लासचा जेनेरिक सिग्नेचर (यादीत कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत ही नोंद) टिकत नाही, डिफॉल्ट कन्स्ट्रक्टरही (क्लासची रिकामी वस्तू बनवणारा कोड) आपोआप टिकत नाही. ७ वरून ८ वर गेलेल्या प्रोजेक्टमध्ये जीसनच्या टाइपटोकनची (यादीचा प्रकार सांगणारा क्लास) तक्रार तिथूनच येते.

साक्रीकर

पोस्ट माझी होती, उत्तर मीच देतो. भाव ० दिसण्याची भीती खरी आहे, पण तुमचा उपाय तुम्ही पूर्ण सांगितला नाही. टेस्टबिल्डटाइप सेटिंग रिलीज करा, फोनवर टेस्ट चालवणारी कनेक्टेडरिलीजअँड्रॉइडटेस्ट आज्ञा द्या आणि बघा काय होतं. पहिली टेस्ट सुरू व्हायच्या आधीच प्रोसेस क्रॅश, नोसचमेथडएरर, म्हणजे फंक्शन सापडतच नाही.

कारण साधं आहे. ॲपमध्ये असलेली लायब्ररी टेस्टच्या एपीकेमध्ये (फोनवर टाकायची फाइल) पुन्हा भरली जात नाही, ती ॲपमधूनच घेतली जाते. कोटलिन स्टँडर्ड लायब्ररीतलं जे फंक्शन फक्त टेस्ट वापरते, ते ॲपच्या दृष्टीने बेकार. आर८ ने ते काढलं, टेस्ट मेली. टेस्टप्रोगार्डफाइल्स सेटिंगमध्ये कीप रूल टाकून भागत नाही, कारण ते रूल फक्त टेस्ट एपीकेला लागतात, ॲपमधून गेलेलं परत आणत नाहीत. मग माणूस काय करतो? ॲपच्याच प्रोगार्ड फाइलमध्ये (आर८ चे रूल असतात ती) कीप क्लास कोटलिन डबलस्टार, म्हणजे कोटलिनचं सगळंच राखा, असं लिहितो. टेस्ट हिरव्या. पण आता तपासलं ते ॲप वेगळं आणि प्ले स्टोअरला जाणारं वेगळं. मंग डिबगनं काय वाईट केलं होतं, भो?

तापीकाठ

हे कारण बरोबर आहे, मान्य. पण त्यावरून 'टेस्टच नको' हा निष्कर्ष निघत नाही. एस्प्रेसोच्या (ॲपच्या आतून स्क्रीन तपासणारं साधन) टेस्टचा सगळा संच रिलीजवर ढकला असं मी म्हणतच नाही. तो डिबगवरच राहू द्या. रिलीजसाठी वेगळं मॉड्यूल करा: कॉम डॉट अँड्रॉइड डॉट टेस्ट प्लगइन, टार्गेटप्रोजेक्टपाथमध्ये ॲप, आणि एक्सपेरिमेंटलप्रॉपर्टीजमध्ये सेल्फ-इन्स्ट्रुमेंटिंग ट्रू. मग टेस्ट आपल्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये, स्वतःच्या लायब्ररी घेऊन चालते. यूआय ऑटोमेटर हे टेस्टचं साधन बाहेरून बटणं दाबतं. ॲपमध्ये टेस्टसाठी एकही कीप रूल लागत नाही. व्ह्यूचे आयडी आर८ बदलत नाही. कंपोज (कोटलिनमध्येच स्क्रीन लिहायची पद्धत) असेल तर वरच्या मॉडिफायरच्या सिमँटिक्समध्ये टेस्टटॅग्जॲजरिसोर्सआयडी ट्रू करा, म्हणजे टेस्टसाठी दिलेले टॅग आयडीसारखे सापडतात.

अमळनेरची

दोन्ही दादा एपीकेवर भांडताय. प्ले स्टोअरला जातो तो बंडल, आणि त्यातून फोनाफोनासाठी वेगळे एपीके बनतात! मराठी ॲपचा खरा घात तिथे होतो. बंडलचे भाषेप्रमाणे तुकडे होतात. आपल्याकडे कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो, त्यामुळे फोनवर इंग्रजीचाच तुकडा उतरतो. ॲपच्या सेटिंगमध्ये माणूस 'मराठी' निवडतो आणि सगळं इंग्रजीच राहतं. एपीकेवर ही टेस्ट कायम पास, कारण एपीकेमध्ये सगळ्या भाषा असतात. उपाय: बंडल ब्लॉकमध्ये लँग्वेजचा एनेबलस्प्लिट फॉल्स. वाढतं ते थोडंसं स्ट्रिंगचं वजन.

साक्रीकर

ताई, विषय आर८ चा आहे. भाषेचा तुकडा आर८ करत नाही.

अमळनेरची

विषय 'लोकांपर्यंत पोचतं ते तपासता का' हा आहे, आणि तो तुम्हीच काढलात. आणखी ऐका. फोनच मराठीत असेल तर स्ट्रिंग.फॉरमॅट देवनागरी अंक देतो, १२५०. तीच स्ट्रिंग पूर्णांक करणाऱ्या टूइंटला चालते, दशांश आकडा करणाऱ्या टूडबलला मात्र नंबरफॉरमॅटएक्सेप्शन. यंत्राला द्यायची प्रत्येक स्ट्रिंग लोकेल.रूट (कोणत्याच एका भाषेचं नसलेलं रूप) लावूनच बनवली पाहिजे. आपली मराठी फोनवर मोडते आणि टेस्टचे सगळे एम्युलेटर इंग्रजीत, याचा मला संताप येतो.

साक्रीकर

अंकांचा बग डिबगवरही तसाच दिसतो! त्याला रिलीज टेस्टशी जोडू नका. प्रत्येक जण आपलं दुखणं आणून ओततो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

भुसावळचा

अंकांपुरतं साक्रीकर भाऊ बरोबर. पण बंडलचा मुद्दा ताईंचा खरा आहे. रिसोर्सही बघा. श्रिंकरिसोर्सेस (न वापरलेली चित्रं-मजकूर काढणं) चालू असताना गेटआयडेंटिफायरला (नावावरून रिसोर्स शोधणारं फंक्शन) कोडमधली स्ट्रिंग दिली तर सेफ मोड जुळणारे रिसोर्स राखतो. पण पिकाच्या चित्राचं नाव सर्व्हरकडून येत असेल तर ते चित्र जातं. रॉ फोल्डरमध्ये कीप डॉट एक्सएमएल करून टूल्स-कीपमध्ये नावं द्या. आणि प्रत्येक रिलीजची मॅपिंग डॉट टीएक्सटी (मूळ आणि बदललेल्या नावांची यादी) जपा. पुढच्या बिल्डला ती पुसली जाते, आणि ती नसेल तर क्रॅशमधलं 'ए डॉट बी डॉट सी' उलगडत नाही. मन्हं म्हणनं इतलंच शे.

साक्रीकर

वेगळ्या मॉड्यूलचं तापीकाठ भाऊंचं पटतंय, नाइलाजाने. पण रिलीजला हात लावू नका. मिनिफाइड नावाचा बिल्ड टाइप करा, इनिटविथ रिलीज (रिलीजची नक्कल), सही डिबग कीची, मॅचिंगफॉलबॅक्समध्ये (हा टाइप नसलेल्या मॉड्यूलसाठी पर्याय) रिलीज. टेस्ट मॉड्यूलमध्येही त्याच नावाचा टाइप हवा. टेस्ट पाच-सहाच ठेवा: लॉगिन, भावाची यादी, एक फॉर्म सर्व्हरला पाठवणं, नोटिफिकेशनवरून उघडणं, अशा. जिथे जेसन किंवा रिफ्लेक्शन (ॲप चालू असताना नावावरून कोड शोधणं) आहे तिथेच. आणि 'यादी दिसली' यावर टेस्ट संपवू नका, भावाचा आकडा ० नाही हे तपासा.

तापीकाठ

यात ताईंचंही बसतं. सेल्फ-इन्स्ट्रुमेंटिंग टेस्टची सही ॲपशी जुळावी लागत नाही. म्हणून बंडलटूलच्या (बंडलमधून एपीके बनवणारं साधन) बिल्ड-एपीकेजला कनेक्टेड-डिव्हाइस देऊन, इन्स्टॉल-एपीकेजने खरा बंडल फोनवर उतरवा. टेस्टची एपीके वेगळी टाका आणि एडीबीवरून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) एएम इन्स्ट्रुमेंट चालवा.

अमळनेरची

फोन इंग्रजीत ठेवून, ॲपमध्ये मराठी निवडणारी एक टेस्ट त्या पाच-सहांत धरा.

साक्रीकर

धरतो. सात झाल्या.