लाकडी छापाच्या लांब टाइल्स : अर्ध्यावर नको, तिसऱ्या भागावर जोड द्या

लाकडी छापाच्या २०० × १२०० मिमीच्या टाइल्स जमिनीवर विटांसारख्या, म्हणजे एका ओळीचा जोड शेजारच्या टाइलच्या मध्यावर येईल अशा, अर्ध्या-अर्ध्यावर लावाव्यात का, असा प्रश्न आहे. कृपा करून लावू नका. एवढी लांब टाइल भाजताना बहुधा मधोमध किंचित फुगते. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा, टोकांशी फट दिसेल. अर्ध्यावर जोड दिला की एकीचं टोक शेजारच्या टाइलच्या नेमक्या फुगवट्याशी येतं आणि अनवाणी चालताना कड पायाला लागते. लेव्हलिंग क्लिपा (शेजारच्या टाइल्सच्या कडा एका पातळीत धरणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा) लावूनही तो फुगवटा जात नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ४०० मिमीहून, म्हणजे लांबीच्या तिसऱ्या भागाहून, जास्त सरकवू नका, सांधा ३ मिमी ठेवा.

स्वयंपाकघराच्या भिंतीला हेरिंगबोन (टाइल्स एकमेकींना काटकोनात लावून केलेली नागमोडी रचना) मात्र खुशाल करा, ७५ × ३०० मिमीची टाइल छान बसते. कडेला तिरके तुकडे बरेच पडतात, म्हणून माल १५ टक्के जादा आणि एकाच बॅचचा घ्या. सुरुवात कोपऱ्यातून नको. ओट्याच्या मध्यावर ओळंब्याने उभी रेघ मारा, टाइल त्या रेघेशी ४५ अंशांत आहे का ते गुण्याने तपासा आणि दोन्ही बाजूंना सरकत जा. ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) टाइलच्या रंगाजवळचा निवडा, पांढरा शेगडीमागे लवकर पिवळा पडतो.