खचदरीतील जुने प्रस्तरभंग पुढे पर्वत घडवतात का?

प्रश्न (इंदूर): सिमरोळचा घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात, म्हणजे एका खचदरीत, गेलो की एक शंका दर वेळी मनात येते. भूकवच ताणले जाऊन जमीन खचते तेव्हा अशा खचदरीत पडलेले प्रस्तरभंग (ज्यांवरून खडक सरकतो त्या भेगा) पुढे दाब आल्यावर निकामी होतात, की तेच पुन्हा सरकतात?

उत्तर १: बहुधा तेच सरकतात, कारण अखंड खडक नव्याने फोडण्यापेक्षा जुन्या, दुबळ्या पृष्ठावर घसरणे सोपे असते, फक्त दिशा उलटते आणि पूर्वी खाली गेलेला ठोकळा वर चढू लागतो. मोरोक्कोतील उच्च ॲटलास ही ट्रायासिक-जुरासिक काळातील खचदरी अशाच उलटापालटीतून पर्वत झाली. आपल्याकडे कच्छचे उदाहरण आहेच: गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटताना तयार झालेली ती खचदरी आता दाबली जात आहे, आणि २००१चा भूकंप उलट्या सरकणीचाच होता.

उत्तर २: वरील उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. ताणातून झालेले प्रस्तरभंग सुमारे ६० अंश उताराचे असतात, तर आडव्या दाबाला ३० अंशांच्या आसपासचा उतार सोयीचा पडतो. म्हणून तीव्र उताराचे पृष्ठ सरकण्यासाठी द्रवांचा दाब किंवा खडकाचा दुबळेपणा लागतो, अन्यथा त्याला वळसा घालून कमी उताराचा नवा प्रस्तरभंग फुटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नर्मदेचे काय?

उत्तर १: मे १९९७चा जबलपूरचा भूकंप पाहावा. त्याचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होते आणि सरकण उलटी होती. मात्र तिथे हिमालयासारखी, थरांना घड्या पडून उभी राहिलेली पर्वतरांग शोधू नये.